दादर वेस्टचं प्रिंटिंगवालं दुकान: फोल्डर छापायचा असेल तर बिनधास्त जा

आमचं ऑफिस मुंबईत, पण काम पालघरकडे, कृषी विस्ताराचं, म्हणजे शेतीतली नवी माहिती शेतकऱ्यांपर्यंत पोचवायचं. फील्डवरच्या लोकांना ट्रेनिंगला पाठवायचं म्हटलं की दरवेळी पैशापाशी घोडं अडतं. नागपूरला वनामती आहे, हैदराबादला मॅनेज आहे, दोन्ही अशा ट्रेनिंगच्या सरकारी संस्था, पण जायचंयायचं भाडं, शिवाय मागे गावातलं काम कोण बघणार, ह्याला आमच्या बजेटमध्ये हेडच नाही. म्हणून बजेट अधिवेशनाच्या आधी आमदारांना आणि कंपन्यांच्या सीएसआरवाल्यांना द्यायला फोल्डर करायचा ठरला.

आमच्या सरांनी दिलेला मजकूर सुरू होतो 1914 च्या अमेरिकेतल्या स्मिथ-लिव्हर कायद्यापासून (तिथली कृषी विस्तार सेवा ह्याच कायद्याने उभी राहिली), मग 1974 ला पुद्दुचेरीत देशातलं पहिलं कृषी विज्ञान केंद्र, मग संस्थेची वाटचाल, आणि पैसे मागितलेत ते शेवटच्या पानावर तळाला. डीटीपीवाल्या ताईंनी सगळं वाचलं आणि सरळ विचारलं, "सर, तुम्हाला त्यांच्याकडून नक्की पाहिजे काय?" सर गोरेमोरे. मग तिथेच बसून इतिहास उडवला, वर ठळक मागणी घेतली, किती जण, कुठलं ट्रेनिंग, माणशी खर्च किती, आणि खाली एकच मोठा फोटो, ट्रेनिंग करून आलेली आमची कार्यकर्ती डहाणूच्या वाडीत चिकू फोडून बी पोखरणारी अळी दाखवतेय तो. एवढी अक्कल मोठमोठ्या एजन्सीवाल्यांनाही नसते, खरं सांगते.

कागदाचंही तसंच, आम्ही ग्लॉसी मागत होतो तर म्हणाल्या मॅट घ्या, ग्लॉसीवर पेन चालत नाही आणि पीए लोक कोपऱ्यात काहीतरी खरडतातच. 170 जीएसएम घेतला, घडीवर छान बसला.

आता तक्रार. युनिकोडमधला मजकूर ते कोरल ह्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्या जुन्या फॉन्टला कन्व्हर्ट करतात, त्यात 'शेतकऱ्यांना' मधला ऱ्या दरवेळी फुटतो, आणि आमच्या फोल्डरमध्ये दुसरा शब्द कुठला असणार! व्हॉट्सअॅपवरच्या प्रूफवर ते कळतही नाही, छापील प्रूफ मागा, कुरकुरतात पण देतात. डिलिव्हरी सांगितली त्याच्या दुसऱ्या दिवशी मिळाली. रेट थोडे जास्त आहेत पण जीएसटीचं पक्कं बिल देतात, ऑडिटला तेच लागतं. शनिवारी संध्याकाळी मात्र जाऊ नका, लग्नपत्रिकावाल्यांची झुंबड असते आणि ताईंना मान वर करायला फुरसत नसते.