ड्युअल स्टॅक की थेट आयपीव्ही६?

इंटरनेटचे पत्ते जुन्या आयपीव्ही४वरून नव्या आयपीव्ही६वर न्यायचा देशपातळीवरचा आराखडा करायला बसलं की वाद दोन वाटांवर येऊन थांबतो. सगळीकडे ड्युअल स्टॅक, म्हणजे दोन्ही शेजारी-शेजारी, चालवायचा, की आतलं नेटवर्क निव्वळ आयपीव्ही६चं ठेवून जुन्या आयपीव्ही४च्या जगाशी नॅट६४ या दुभाष्यामार्फत बोलायचं? मी दोन्ही चालवलंय, पण एका संस्थेपुरतं. तेव्हा माझं मत त्याच मापाने घ्या.

ड्युअल स्टॅकला मंजुरी पटकन मिळते, कारण पहिल्या दिवशी काहीच मोडत नाही. जुने पत्ते मात्र लागतातच, आणि जगभर पत्ते वाटणाऱ्या आयएएनए या संस्थेचा साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला. म्हणजे सीजीनॅट, एकच व्ही४ पत्ता अनेक ग्राहकांत वाटून वापरणं, काही सुटत नाही. तेही चालवून घेतलं असतं. माझं डोकं उठवलं ते दुसऱ्याच गोष्टीने: आयपीव्ही६ बंद पडलं तरी कुणाला पत्ता लागत नाही. ब्राउझर साधारण पाव सेकंद वाट पाहतो आणि गुपचूप आयपीव्ही४ धरतो. फायरवॉलचा नियम व्ही४ला लागला, व्ही६ला राहिला, तरी ओरड नाही. कुणी वाटेत आयसीएमपीव्ही६ ("पाकीट फार मोठं आहे" असे निरोप देणारा प्रोटोकॉल) अडवलं तर आणखी वाईट: कनेक्शन जुळतं, मग पान अर्ध्यावर अडकतं. तक्रार येते ती "कधी कधी स्लो होतं" एवढीच, आणि शोध दोन्हीकडे घ्यावा लागतो. देशभरात हेच झालं, तर अहवालात सगळीकडे "आयपीव्ही६ सुरू" आणि ट्रॅफिक निवांत व्ही४वर.

नॅट६४मध्ये बिघडलं की लगेच बोंब होते. मला ते आवडलं. हेल्पडेस्कला आवडेलच असं नाही. थेट व्ही४ पत्ता कोरलेली ॲप्स अडतात, पण फोनवर ४६४एक्सलॅट (फोनमध्येच व्ही४चं व्ही६ करणारी सोय) ते निभावून नेतं. ॲपलने तर जून २०१६ पासून ॲप निव्वळ आयपीव्ही६वर चालण्याची अटच घातली. खरी अडचण जुन्या विंडोज मशीनची आणि प्रिंटरची. त्यांच्यासाठी त्याच नेटवर्कवर व्ही४ ठेवून पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीचा ऑप्शन १०८ लावावा. व्ही४शिवाय ज्यांना जमतं ती उपकरणं मग व्ही४ पत्ता घेतच नाहीत.

अमेरिकी सरकारनेही २०२० च्या धोरणात ड्युअल स्टॅक सांभाळायला फार गुंतागुंतीचा ठरवून निव्वळ आयपीव्ही६चं लक्ष्य ठेवलं. जनतेसाठीची संकेतस्थळं अर्थात बरीच वर्षं दोन्हीवर ठेवावी लागतील. आतल्या नेटवर्कसाठी मात्र मी खरेदीच्या निविदेत "आयपीव्ही६ सपोर्ट हवा" एवढ्यावर भागवणार नाही. "व्ही४ बंद करून चालवून दाखवा" असं लिहीन.