कोल्ड ब्लॅकनिंग किट: टचअपला भारी, पण याला ब्लॅकोडायझिंग म्हणू नका

वर्कशॉपमधल्या छोट्या जॉबसाठी स्टीलचे पार्ट गरम न करता काळे करणारं हे तीन बाटल्यांचं किट वापरतोय, एकीत डिग्रीझर (तेल-ग्रीस काढणारं), दुसरीत काळं करणारं केमिकल, तिसरीत वरून लावायचं तेल. हीटर नको, टाकी नको, पार्ट बुडवला की मिनिटा-दोन मिनिटांत काळा होतो, आणि टी-नट, पिना, क्लॅम्प असल्या वस्तू दिसायला एकदम मस्त.

पण बाटलीवर मोठ्या अक्षरात 'ब्लॅक ऑक्साइड' छापलंय ते पटत नाही. खरं ब्लॅक ऑक्साइड, म्हणजेच ब्लॅकोडायझिंग, होतं कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या साधारण १४० डिग्रीच्या उकळत्या बाथमध्ये, तिथे स्टीलच्या पृष्ठभागाचंच मॅग्नेटाइट (लोखंडाचा काळा ऑक्साइड) बनतं, जाडी एक-दोन मायक्रॉन, म्हणजे साईजमध्ये फरक जवळपास शून्य, म्हणूनच थ्रेडला आणि टाइट फिटिंगला ते चालतं. या किटमध्ये तसलं काही होत नाही, तांबं-सेलेनियमचा पातळ थर वर येऊन बसतो आणि सारखा हाताळला जाणारा पार्ट असेल तर कडा लवकर पांढऱ्या पडायला लागतात.

रिझल्ट सगळा सफाईवर आहे. डिग्रीझ केल्यावर पार्टवर पाणी ओतून बघायचं, सलग पसरलं तर ठीक, थेंब थेंब झाले तर तेल अजून आहे, परत धुवा, नाहीतर तिथे डाग पडणारच. आणि जास्त काळं व्हावं म्हणून बुडवून ठेवलं तर रंग गडद होत नाही, फक्त काजळी जमते जी फडक्याला लागते.

गंजाचं म्हणाल तर काळा रंग एकटा फार काही वाचवत नाही, हॉट असो की कोल्ड, खरं काम तेल करतं. तेल न लावता दमट जागी ठेवलं की लाली येतेच. बाहेर पावसात राहणाऱ्या पार्टला झिंक प्लेटिंगच करून घ्या सरळ.

मला खटकलं ते माहितीपत्रक. आत सेलेनियम आहे, विषारी आहे, तरी ग्लोव्हजचा उल्लेख शेवटी बारीक अक्षरात, आणि वापरलेलं पाणी कुठे टाकायचं यावर एक ओळ नाही (ड्रेनमध्ये ओतू नका प्लीज). स्टेनलेसवर चालत नाही हेही कुठे लिहिलेलं नाही.

पाचपैकी तीन स्टार, तेही टचअपसाठी. बॅचमध्ये माल काढायचा असेल तर हॉट बाथवाल्याकडेच द्या.