करुणा शिकवायची कुठे: स्किल लॅबमध्ये की वॉर्डात?

बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवणाऱ्या ट्यूटरपुढे हा प्रश्न येतोच. रुग्णाशी माणसासारखं वागायला शिकवायचं, पण तास मोजकेच. ते स्किल लॅबमधल्या (सरावाच्या खोलीतल्या) रोलप्लेला, म्हणजे कुणी रुग्ण, कुणी नर्स होऊन केलेल्या सरावाला द्यायचे की वॉर्डातल्या पोस्टिंगनंतरच्या (नेमून दिलेल्या कामानंतरच्या) चर्चेला?

रोलप्ले काही नवा नाही. लॉस एंजेलिसमध्ये हॉवर्ड बॅरोज या डॉक्टरांनी 1963 मध्येच रुग्णाची भूमिका पढवलेली माणसं वैद्यकीय विद्यार्थ्यांसमोर बसवली होती. चूक झाली तरी कुणाला इजा नाही, प्रसंग पुन्हा करता येतो. चिडलेला नातेवाईक, मूल दगावलेली आई यांच्याशी बोलण्याचा सराव थेट खऱ्या माणसावर करू नये, हे मलाही पटतं. पण चेकलिस्ट आली की घोळ होतो. ‘नाव विचारलं, खांद्यावर हात ठेवला’ अशा खुणा पडत जातात आणि मुलं गुणांपुरतं गोड बोलायला शिकतात. वर्गमैत्रिणीलाच रुग्ण केलं तर निम्मा तास हसण्यात जातो. मॅनिकिनचं, म्हणजे सरावाच्या पुतळ्याचं तर विचारूच नका, त्याला लाजच वाटत नाही.

वॉर्डात लाज खरी असते. साधं बेड बाथ, म्हणजे खाटेवरच अंग पुसणं घ्या. पडदा ओढला का? पुसायचा तेवढाच भाग उघडा ठेवून बाकी अंग झाकलं का? पाणी लावण्याआधी ‘मावशी, आता पाठ पुसते हं’ म्हटलं का? हे बघायला ट्यूटर खाटेपाशीच हवी. कारण वॉर्ड उलटंही शिकवतो. हँडओव्हरला, म्हणजे ड्यूटी बदलताना, ‘बारा नंबरचं कॅथेटर बदला’ ऐकणारी विद्यार्थिनी लवकरच तसंच बोलू लागते.

म्हणून पोस्टिंगनंतर पंधरा-वीस मिनिटं बसून बोलायचं. शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्ज यांच्या 1988 च्या चिंतनचक्रातले प्रश्न इथे उपयोगी पडतात: काय घडलं, तेव्हा काय वाटलं, पुन्हा अशी वेळ आली तर काय करशील? डायरी लिहून घेत असाल तर तिला गुण देऊ नका, नाहीतर एकीची वही सगळ्या उतरवतात.

एकच निवडायचं तर मी वॉर्ड आणि चर्चा निवडेन. मात्र इन्चार्ज सिस्टरच रुग्णांवर खेकसत असतील, किंवा एका ट्यूटरच्या वाट्याला तीन-चार वॉर्ड येत असतील, तर आधी रोलप्लेच बरा. त्यासाठी एखाद्या निवृत्त सिस्टरला रुग्ण म्हणून बोलवा. न विचारता बीपीचा पट्टा गुंडाळायला गेलं, की हात मागे घ्यायचा हे त्यांना पढवावं लागत नाही.