पार्टनर माइक : ‘काही नाही, जाऊ दे’वरचा चांगला उपाय

उतारवयातल्या बहिरेपणात आवाज येतो, शब्द कळत नाहीत. स्वर ठीक ऐकू येतात, पण ‘स’, ‘श’ यांसारखे वरच्या पट्टीतले आवाज आधी हरवतात आणि ‘साठ’चं ‘आठ’ होतं. ओरडून सांगितलं तर स्वरच मोठे होतात आणि बोलण्याला चिडका सूर लागतो. तिसऱ्या ‘काय?’ला ‘काही नाही, जाऊ दे’ असं उत्तर मिळतं. हळूहळू घरात कामापुरतंच बोलणं उरतं. याचं वाईट वाटतं, कारण यातलं बरंच टाळता येतं.

पार्टनर माइक म्हणजे बोलणाऱ्याच्या कपड्याला चिमट्याने लावायचा छोटा बिनतारी माइक. आवाज थेट श्रवणयंत्रात जातो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने घटतो. कुकर, मिक्सर, एक्झॉस्ट पंखा मात्र तसेच घोंगावत असतात. माइक तोंडापासून वीतभरच असल्याने बोलणं या गोंगाटाच्या वर राहतं. रिक्षात आणि मंडईच्या गर्दीत फरक सगळ्यात जास्त जाणवतो. यंत्राची सर्वांत वरची श्रेणी घेण्यापेक्षा मधली श्रेणी आणि सोबत हा माइक, ही निवड बहुतेक जोडप्यांना जास्त उपयोगी पडेल.

लावण्यात मात्र चुका होतात. तोंडाखाली 15 ते 20 सेंटिमीटरवर, मधोमध, माइकचं तोंड वर करून लावावा. खांद्यावर लावला तर मान वळताच आवाज पडतो. पदराखाली तर नकोच. मंगळसूत्राचे मणी माइकवर घासले की ती खरखर ऐकणाऱ्याच्या कानात कर्कश वाजते. म्हणून ब्लाउजच्या गळ्याच्या काठावर, मण्यांपासून चार बोटं दूर लावा.

श्रवणयंत्राच्या मोबाइल अॅपमध्ये यंत्राचे स्वतःचे माइक पूर्ण बंद करू नका, थोडे कमी करा. नाहीतर दारावरची बेल ऐकू येत नाही. माइक लावून कुणी फोनवर बोललं तर तेही सगळं ऐकणाऱ्याच्या कानात पोचतं, त्यामुळे म्यूटचं बटण दोघांनाही ठाऊक हवं. मधे भिंत आली की आवाज तुटू शकतो. बटणसेलवर चालणाऱ्या यंत्राचे सेलही लवकर संपतात.

आणि माइक असला तरी आधी ‘अहो’ म्हणून थांबायचं, मग बोलायचं. ऐकणाऱ्याचं लक्ष पेपरात असेल तर पहिले दोन शब्द वाया जातात.

एका कंपनीचा माइक दुसरीच्या यंत्राला सहसा जुळत नाही, म्हणून यंत्र निवडतानाच विचारा. दुकानातल्या शांत खोलीत तर सगळंच छान ऐकू येतं. आठवडाभर घरी वापरायला मागा आणि पहिली चाचणी कुकर लावलेला असताना, स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत घ्या.