इमॉर्टल: ‘नॉर्दर्न केऑस गॉड्स’ घ्यायचा की ‘वॉर अगेन्स्ट ऑल’?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं हेवी मेटल ऐकणारी बहुतेक पोरं थ्रॅशमधून, म्हणजे मेटलच्या वेगवान, तुटक प्रकारातून आलेली. मेटॅलिका, स्लेयर, क्रिएटर हे बँड पाठ असतात, पण ब्लॅक मेटल, म्हणजे मेटलचा आणखी कर्कश, अंधारा प्रकार, लावलं की अडतात. आवाज खरखरीत, रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा) हाती लागत नाही, म्हणून बंद करतात. त्यांना मी इमॉर्टल ऐका म्हणतो. मग लगेच प्रश्न येतो, अलीकडच्या दोन अल्बमांपैकी कुठला? बाहेरून मागवलेली सीडी किंवा रेकॉर्ड स्वस्त पडत नाही, तेव्हा प्रश्न रास्तच आहे.

हा नॉर्वेतल्या बर्गनचा बँड, १९९१ पासूनचा. गिटार वाजवणारा डेमोनाझ इतक्या वेगानं वाजवायचा की १९९७ च्या सुमारास हाताच्या स्नायुबंधांना सूज आली आणि त्याला गिटार खाली ठेवावी लागली. गिटार बँडचा गायक अबाथकडं गेली, डेमोनाझ फक्त शब्द लिहू लागला. १९९९ च्या ‘ॲट द हार्ट ऑफ विंटर’मध्ये गाणी लांब झाली आणि थ्रॅशचे तुटक, दाबून वाजवलेले रिफ उघडपणे आत आले. इमॉर्टलमधला थ्रॅश हा असा आला. २०१५ मध्ये अबाथ बाहेर पडला. शस्त्रक्रियेनंतर हात सुधारलेल्या डेमोनाझनं पुन्हा गिटार घेतली, गाणंही स्वतःकडं घेतलं.

त्यानंतरचा पहिला अल्बम २०१८ चा ‘नॉर्दर्न केऑस गॉड्स’. आठ गाणी, साधारण ४२ मिनिटं. ड्रमवर हॉर्ग, निर्मिती आणि बेस गिटार हिपॉक्रिसी बँडच्या पीटर टेग्टग्रेनची. पहिलंच गाणं दम घेऊ देत नाही. उजवा हात तारेवर न थांबता फिरतो, खाली ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रमचे अतिवेगवान सलग ठोके. पण हॉर्गकडं नीट कान द्या: एवढ्या वेगातही स्नेअरचा (कडक आवाजाच्या ड्रमचा) प्रत्येक ठोका सुटा येतो, आणि रिफ बदलायच्या आधी टॉमवरून (घुमणाऱ्या ड्रमवरून) तो असा उतरतो की पुढचं वळण आधीच कळतं. ‘गेट्स टु ब्लाशिर्ख’मध्ये लय खाली येते. शेवटचं ‘मायटी रेव्हनडार्क’ नऊ मिनिटांच्या वर जातं आणि तिथं हा अल्बम खरा मोठा होतो. विलंबितात बसून ऐकायची सवय असलेल्या आपल्या भागातल्या कानाला ते गाणं जड जाणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

२०२३ चा ‘वॉर अगेन्स्ट ऑल’ही आठच गाण्यांचा, पण ३८ मिनिटांच्या आसपास. यात हॉर्ग नाही. ड्रमवर केव्हिन क्वोले, बेसवर एन्स्लेव्हड बँडचा आइस डेल. इथं रिफ अधिक सरळ आहेत. तळहाताची कड तारांवर टेकवून वाजवलेले थ्रॅशचे तुकडे सहज ओळखू येतात, आणि दुसऱ्यांदा ऐकताना ते गुणगुणता येतात. ‘वॉरगॉड’ हे गाणं मध्यम लयीत ठाम पावलं टाकतं. ‘नॉर्डलँडिर’ हे शब्दांविना लांब गाणं मला अल्बममधलं सगळ्यात आवडतं. कमी पडतात ते ड्रम. क्वोले चोख वाजवतो, पण हॉर्गचं ते बोलकं वळण नाही, त्यामुळं वेगवान गाणी एकमेकांसारखी वाटतात.

शब्दांत फारसा फरक नाही. दोन्हींत ब्लाशिर्ख नावाचा कल्पित बर्फाळ प्रदेश, डोंगर, लढाया. घरात कुणी ‘हे सैतानाचं काय लावलंयस?’ विचारलं तर डोंगर आणि थंडीची गाणी आहेत म्हणून खुशाल सांगा, ते खरंच आहे.

थ्रॅशमधून येऊन ब्लॅक मेटलची नुसती ओळख करून घ्यायची असेल, बसमध्ये हेडफोनवर ऐकणार असाल, तर ‘वॉर अगेन्स्ट ऑल’नं सुरुवात करा. इंजिनाच्या घरघरीतही त्याचे रिफ निसटत नाहीत. पण पैसे एकाच अल्बमवर घालायचे असतील तर माझं मत ‘नॉर्दर्न केऑस गॉड्स’ला, तेही हॉर्गमुळं. तो मोबाइलच्या स्पीकरवर लावू नका, खालचा डबल बेस ड्रम (दोन्ही पायांनी वाजवलेला मोठा ड्रम) पार गायब होतो. आणि तुम्ही स्वतः गिटार वाजवत असाल तर दोन्ही बाजूला ठेवून आधी १९९९ चा घ्या की. तुमच्या ओळखीचे थ्रॅशचे रिफ ब्लॅक मेटलमध्ये कसे बसवले, ते तिथं बोटांनी शिकता येतं.