पणजोबांचं पदक ‘पडताळणी’ला दिलं, ते परत आलंच नाही

खानापूर-बेळगावकडच्या कितीतरी घरांत पहिल्या महायुद्धातलं एखादं पदक ट्रंकेत पडून असतं. त्या घरांतल्या माणसांनी हे वाचावंच.

आमचे पणजोबा ‘बसऱ्याला’, म्हणजे इराकमधल्या बसऱ्याच्या आघाडीवर, गेले, तुर्कांच्या कैदेतून जिवंत आले, एवढंच घरात माहीत होतं. थोरल्या काकांना पणजोबांच्या पलटणीतल्या नोकरीचा कागद हवा होता. जत्रेत ओळख झालेल्या एकानं ‘लंडनहून रेकॉर्ड काढून देतो’ म्हणत ₹15,000 घेतले, आणि पडताळणीला मूळच लागतं असं सांगून पदकही नेलं. पुढं लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र आलं. सोनेरी किनार, लाल शिक्का. काकांनी ते देवघराशेजारी लावलं.

ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साल 1916 आणि हुद्दा नायब सुभेदार! हा हुद्दा 1965 मध्ये आला, आधी जमादार म्हणत. पलटण नुसतीच ‘मराठा लाइट इन्फन्ट्री, बेळगाव’. तेव्हा 103, 105, 110, 114, 116, 117 अशा वेगवेगळ्या मराठा पलटणी होत्या. त्यांची मिळून एक रेजिमेंट झाली ती 1922 साली. वर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाचं नाव छापलेलं. हा आयोग युद्धात वारलेल्यांची नोंद ठेवतो, पहिल्या युद्धापुरती 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 या काळातली, आणि ती इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येते. आमचे पणजोबा तर म्हातारे होऊन घरात वारले.

खरा पुरावा त्या माणसानं नेलेल्या पदकावरच होता. चांदीचं, चांदीच्या जुन्या रुपयापेक्षा मोठं, एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. कडेवर बारीक इंग्रजी अक्षरं ठोकलेली असतात: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. चुलतबहिणीनं आधी सहज फोटो काढून ठेवले होते, म्हणून वाचलो. मोबाईलवर मोठं करून पाहिलं तर ‘117 मराठाज’ स्वच्छ दिसलं. ही पलटण इराकमधल्या कूत-अल-अमाराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकली होती. 147 दिवसांनी, 29 एप्रिल 1916 ला, तिथल्या ब्रिटिशांच्या फौजेनं शरणागती पत्करली. आजीच्या तोंडची कैदेची गोष्ट इथं तंतोतंत जुळते. काकांना हे सांगताना मलाच भरून आलं.

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे, म्हणजे तेव्हा लंडनहून हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या खात्याचे, कागद आहेत, पण वैयक्तिक फायली मुख्यतः अधिकाऱ्यांच्या. साध्या शिपायाची अख्खी फाईल हमखास आणतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. पदकाची कड फिरवत सगळीकडून फोटो काढा, मागेल त्याला फोटोच द्या. आणि चिंच लावून घासू नका, अक्षरं झिजतात.

त्या माणसाचा फोन आता बंद आहे. पोलिसांत तक्रार दिली आहे, कडेवरचा नंबर फोटोसकट जोडला आहे. बेळगाव, कोल्हापूर, गोव्यात जुनी नाणी-पदकं घेणाऱ्या कुणाकडे असं 117 चं पदक विकायला आलं, तर आधी पोलिसांना कळवा.