पुसा रुधिरा: लाल गाजराचं बियाणं विदर्भाच्या वावरात कसं उतरतं?

लाल गाजर हवं आहे आणि जमीन नदीकाठची, पोयट्याची आहे, तर हे बियाणं बिनधास्त घ्या. जमीन भारी काळी असेल तरी घ्या, पण गादीवाफा केल्याशिवाय टाकू नका. आणि दसऱ्याच्या आधीच पेरायचा बेत असेल तर घेऊच नका.

पुसा रुधिरा हे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं वाण. संकरित नाही, त्यामुळे बी घरीही धरता येतं. मूळ लांब, गडद लाल, आणि मुख्य म्हणजे आतला गाभाही लालच. बाजारातल्या पुष्कळ देशी लाल गाजरांचा गाभा पिवळट आणि कडक निघतो. किसताना तो काढून टाकावा लागतो आणि किलोमागे बराच भाग वाया जातो. रुधिरात ती नासाडी जवळजवळ नाही. या एका गुणावर हे वाण बाकीच्यांच्या पुढे जातं.

आता अडचणीची बाजू. लाल रंग नीट चढायला 15 ते 20 अंशांचं तापमान लागतं. पाकिटावरचे पेरणीचे महिने बहुधा उत्तर भारताचे असतात. ते पाहून आपल्याकडे सप्टेंबरात पेरलं तर ऑक्टोबरच्या उन्हात मूळ फिकं, बारीक आणि केसाळ होतं. विदर्भात ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरचा मध्य हाच काळ धरा. पीक साधारण 90 ते 100 दिवसांत निघतं, म्हणजे जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीअखेर. डिसेंबरात पेरलेलं गाजर उन्हाळ्याच्या तोंडावर येतं. मग गाभा लाकडासारखा होतो आणि फुलाचा दांडा वर येतो.

सोयाबीन निघालेलं वावर वेळेच्या हिशेबाने बरोबर बसतं. पण त्या सोयाबीनवर इमॅझेथापायर फवारलं असेल तर तो तुकडा सोडा. या तणनाशकाचा अंश मातीत पुढच्या पिकापर्यंत राहतो आणि गाजराचं कोवळं रोप त्याला फार नाजूक असतं.

काळ्या जमिनीत सगळी मेहनत पेरणीच्या आधीची. खोल नांगरून, ढेकळं फोडून 20 ते 25 सेंमी उंचीचा गादीवाफा करायचा. मूळ सरळ खाली जाताना ढेकूळ, गोटा किंवा न कुजलेला शेणाचा गोळा आडवा आला की ते फुटून दोन-तीन पायांचं होतं, आणि असं गाजर हर्रासात वेगळं काढलं जातं. म्हणून शेणखत पूर्ण कुजलेलंच हवं, गुंठ्याला 200 ते 250 किलो, तेही पेरणीच्या महिनाभर आधी मिसळलेलं. युरिया हात राखून द्या. जास्त नत्राने पाला माजतो आणि मूळ पोसत नाही.

बियाणं एकरी 2 किलो, म्हणजे गुंठ्याला 50 ग्रॅम पुरतं. बी अंगाने काटेरी असेल तर तळहातावर हलकं चोळून काटे काढा, रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत कोरडं करा आणि चारपट बारीक रेती मिसळून पेरा. नाहीतर एका जागी मूठभर पडतं आणि पुढे हातभर रान रिकामं राहतं. दोन ओळींत 30 सेंमी अंतर, खोली 1 ते दीड सेंमी, त्याहून जास्त नको. उगवायला 8 ते 15 दिवस लागतात आणि तेवढे दिवस वरची माती ओली राहिली पाहिजे. काळी माती वाळली की वर कडक पापडी धरते आणि कोंब खालीच मुरगळतो. ओळीवर चाळलेलं शेणखत पसरवून रोज तुषारने हलकं पाणी दिलं तर पापडी येत नाही. पाटाने मोकळं पाणी सोडलं तर बी वाहून वाफ्याच्या टोकाला गोळा होतं.

उगवण कमी झाली की दोष लगेच दुकानदारावर जातो. गाजराच्या प्रमाणित बियाण्याची किमान उगवणक्षमताच 60 टक्के धरलेली आहे, तेव्हा गहू-हरभऱ्यासारखी दाट ओळ दिसणार नाही. 100 बिया ओल्या कागदात गुंडाळून चौदा दिवसांनी मोजा आणि त्या हिशेबाने पेरा. पाकिटावरची चाचणीची तारीख आणि मुदत मात्र नक्की वाचा.

पहिला महिना रोप फार हळू वाढतं आणि तण पुढे जातं, म्हणून पंधराव्या-विसाव्या दिवशी निंदण करायलाच हवं. रोप बोटभर झालं की विरळणी करून दोन रोपांत 7 ते 8 सेंमी अंतर ठेवा. विरळणी टाळणाऱ्याला पेन्सिलीएवढी गाजरं मिळतात. मूळ पोसताना पाण्याचा ताण देऊन मग एकदम भरपूर पाणी दिलं की गाजर उभं तडकतं. खांदा मातीबाहेर आला तर हिरवा आणि कडू होतो; भर लावून झाका. काढणीच्या आदल्या दिवशी ओलीत द्या, कारण रुधिराचं लांब मूळ कोरड्या काळ्या मातीतून ओढलं तर मधेच तुटतं. एवढी मेहनत जमणार नसेल तर नारिंगी कुरोदा घ्यावं. ते आखूड आणि जाड असतं, भारी जमिनीत कमी तुटतं. हलव्याला मात्र रुधिराची सर येत नाही.

स्वयंपाकात या गाजराला गोडवा भरपूर आहे. 1 किलो किसाला 1 लिटर साईचं दूध, 200 ग्रॅम साखर आणि 4 चमचे तूप पुरे. कीस आधी तुपात परतून घ्या, मग दूध घाला, आणि साखर दूध आटल्यावरच. आधी घातली तर पाणी सुटून हलवा तासभर आटत बसतो. कोशिंबिरीत मीठ वाढतानाच घाला. दाण्याचा कूट, लिंबू आणि वरून तेलाची हिंग-मोहरीची फोडणी हवीच. गाजरातलं कॅरोटीन तेला-तुपाबरोबरच अंगी लागतं, आणि शिजवल्याने ते जास्त मिळतं. नुसतं कच्चं गाजर चावण्यापेक्षा जवसाच्या चटणीवर तेल घेऊन खाल्लेलं बरं. कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं. त्याच्या कमतरतेने होणाऱ्या रातांधळेपणात गाजराचा उपयोग आहे. चष्म्याचा नंबर गाजराने उतरत नाही. लाल रंग लायकोपीनचा, टोमॅटोत असतं तेच. त्यापासून अ जीवनसत्त्व होत नाही. नारिंगी गाजराचा रंग बीटा-कॅरोटीनचा, म्हणून लेकरांसाठी दोन्ही आलटूनपालटून द्यावीत.

साठवताना पाला लगेच छाटा, तो मुळातलं पाणी ओढून घेतो. पिकलेल्या केळीजवळ ठेवलेलं गाजर कडू पडतं.

बी धरायचं असेल तर सरळ, गडद, न तडकलेली गाजरं निवडा. खालचा तिसरा भाग कापून पाहा, गाभा लाल असलेलीच ठेवा, पाला चार बोटं राखून पुन्हा लावा. थंडीची खास गरज नसल्याने रुधिराला मैदानातच बी धरतं, नॅन्टीस या युरोपी नारिंगी वाणासारखं डोंगरावर जावं लागत नाही. फक्त फुलोऱ्यात किलोमीटरभर परिसरात दुसरं गाजर फुललेलं नको, कारण मधमाश्या परागकण आणतात आणि पुढच्या साली गाभा पिवळा निघतो.